जुन्या फियाटच्या सीटांना घरी चामडे चढवताना

कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून १९६४ पासून ‘फियाट ११०० डिलाइट’ या नावाने आणि १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने बाहेर पडलेल्या गाडीला आपल्याकडे आजही सरसकट ‘फियाट’च म्हणतात. मुंबईतील शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये सेवेतून गेली, तरी घरोघरी जपलेल्या खाजगी गाड्या अजून पुष्कळ आहेत, आणि त्यांपैकी बहुतेकींची सीट एव्हाना दोन-तीनदा तरी बदललेली असते. माझ्या वडिलांच्या पद्मिनीची पुढची सलग सीट मी घरी उसवून चामड्यात शिवली, तेव्हा जे शिकलो ते नव्याने हे काम हाती घेणाऱ्यांसाठी येथे क्रमाने मांडले आहे. मारुती ८०० किंवा ॲम्बॅसिडरलाही यातील बहुतेक भाग लागू पडेल. मात्र सीटच्या कडेला एअरबॅगची पट्टी शिवलेली असेल, तर ती सीट घरी उसवू नये. अपघाताच्या वेळी ती शिवण ठरावीक जागी, ठरावीक जोराने फाटावी अशी मुद्दाम घातलेली असते.

एक गोष्ट आधीच स्पष्ट केली पाहिजे. या गाड्यांच्या मूळ सीटा चामड्याच्या नव्हत्या, रेक्झिनच्या होत्या. ज्यांना गाडी अगदी कारखान्यातून निघाली तशी ठेवायची आहे, त्यांनी उत्तम प्रतीचे रेक्झिनच घ्यावे. पुढील सर्व पायऱ्या त्यालाही उपयोगी पडतील आणि काम निम्म्याने सोपे होईल. चामडे घ्यायचे ते त्याच्या स्पर्शासाठी, वयानुसार त्याला येणाऱ्या रूपासाठी आणि पुन्हा तेल-पाणी करून वर्षानुवर्षे वापरता येण्याजोग्या त्याच्या गुणासाठी. त्याची अट मात्र कडक असते. कापडातून सुई काढली की भोक बऱ्याच अंशी मिटते. चामड्याला पडलेले भोक कायमचे राहते. म्हणून या कामात शिवण्यापेक्षा शिवण्याआधीच्या खुणा, मापे आणि कापणी यांनाच अधिक वेळ द्यावा लागतो. माझ्या एका पुढच्या सीटला पाच रविवार लागले आणि त्यांपैकी शिलाईचा केवळ एक होता.

चामड्याची निवड

बाजारात ‘लेदर’ म्हणून दाखवली जाणारी प्रत्येक वस्तू चामडे नसते. पीयू लेदर आणि लेदरेट हे कापडावर चढवलेले प्लास्टिकचे थर असतात. तुकडा उलटा करून पाहावा: मागे विणलेले किंवा दाबून बसवलेले कापड दिसले तर ते कृत्रिम आहे, खऱ्या चामड्याची मागची बाजू तंतुमय आणि किंचित लवदार असते. ‘स्प्लिट’ नावाने मिळते ते चामडेच, पण कातड्याचा वरचा दाणेदार थर वेगळा काढल्यावर उरलेला खालचा थर असल्यामुळे ते ताणाला लवकर दमते. ते सीटच्या मागच्या बाजूला चालेल, बसायच्या जागी नको.

कमावण्याची पद्धतही विचारून घ्यावी. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले; तिचे चामडे बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेले असते आणि चपलेच्या तळाला त्याचा ताठपणा हवाच असतो. तेच चामडे सीटला लावले तर ते वळणावर बसत नाही आणि पाण्याचा थेंब पडला तरी डाग धरते. सीटसाठी क्रोम पद्धतीने, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांत कमावलेले, वर रंगाचा संरक्षक थर दिलेले, १ ते १.२ मिलिमीटर जाडीचे चामडे मागावे. बकऱ्याचे कातडे हाताला फार मऊ लागते, पण ते पातळ असते आणि एका कातड्यात जेमतेम पाच-सहा चौरस फूट मिळतात, त्यामुळे सलग सीटला नको तेथे जोड येतात. म्हशीचे चामडे आकाराने मोठे मिळते. त्याचा दाणा थोडा जाड असला तरी जुन्या गाडीच्या रूपाला तो शोभतो.

मुंबईत धारावी हे चामड्याच्या कामाचे जुने ठिकाण आहे आणि तेथे कमावलेले चामडे व चामड्याच्या वस्तू विकणारी पुष्कळ दुकाने आहेत. दुकानात गेल्यावर घाई करू नये. कातडे जमिनीवर पूर्ण पसरून उजेडात पाहावे. गोचिडांचे ठिपके, काट्यांचे ओरखडे आणि कापताना सुटलेले सुरीचे वार हाताने ताणल्याशिवाय दिसत नाहीत. पांढरे फडके किंचित ओले करून एकाच जागी वीस वेळा चोळावे. फडक्यावर रंग उतरला तर ते चामडे कितीही सुंदर असले तरी सोडून द्यावे, कारण तोच रंग पुढे घामाबरोबर बसणाऱ्याच्या शर्टावर उतरेल.

चामडे चौरस फुटांवर विकले जाते आणि बहुधा मागच्या बाजूला क्षेत्रफळाचा आकडा घातलेला असतो. किती लागेल हे अंदाजाने ठरवू नये. प्रत्येक तुकड्याची लांबी आणि रुंदी इंचांत मोजून गुणाकार करावा आणि १४४ ने भागावे. उदाहरणार्थ, ४८ इंच लांब आणि २० इंच रुंद तुकडा ९६० चौरस इंच, म्हणजे सुमारे ६.७ चौरस फूट होतो. सर्व तुकड्यांच्या बेरजेत तीस टक्के अधिक धरावेत, कारण कातडे चौकोनी नसते आणि डागांभोवतीचा भाग सोडावाच लागतो. सगळे चामडे एकाच वेळी, एकाच रंगाच्या घाण्यातले घ्यावे. दोन महिन्यांनी आणलेला ‘तोच’ तपकिरी रंग शेजारी ठेवला की वेगळा दिसतो. खर्च आटोक्यात ठेवायचा असेल तर शरीराचा स्पर्श होतो तेवढ्याच भागाला चामडे आणि बाजूंना व पाठीमागे त्याच रंगाचे रेक्झिन वापरावे. मोटार कंपन्याही असे करतात, त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

हत्यारे

चामडे कापायला मोठी धारदार कात्री किंवा फिरत्या पात्याचा कटर, खुणांना चंदेरी पेन, मोजायला स्टीलची लांब पट्टी, जाड कागद किंवा पुठ्ठा, उसवणी, तुकडे धरायला कागदाचे चिमटे आणि शिवणी चपट्या करायला लहान हातोडी, एवढे घरात जमवता येते. टाचण्या अजिबात वापरू नयेत. कारण वर आलेच आहे. चांभाराकडची रापी मिळाली तर अवश्य घ्यावी. कडा मागून सोलून पातळ करण्यासाठी तिच्याइतके चांगले हत्यार नाही, आणि ती धरायची कशी हे एखाद्या जुन्या कारागिराकडून अर्धा तास बसून शिकून घेतले तर त्याचा उपयोग जन्मभर होतो. त्याशिवाय कव्हर फ्रेमला अडकवायच्या तारेच्या रिंगा आणि त्या दाबायची खाच असलेली पक्कड लागेल.

दोरा पॉलिएस्टरचा, बाँडेड (वर लेप दिल्याने पीळ न सुटणाऱ्या) प्रकारचा, टेक्स ७० ते ९० जाडीचा घ्यावा. सुती दोरा घाम आणि दमट हवेने कुजतो, आणि नायलॉन मजबूत असला तरी उन्हात पॉलिएस्टरपेक्षा लवकर कमकुवत होतो. चिकटवायला फेविकॉल एसआर ९९८ सारखा रबरी डिंक चालतो. तो दोन्ही बाजूंना लावून, हाताला चिकटेनासा होईपर्यंत सुकू देऊन मग दाबायचा असतो. त्याची वाफ ज्वालाग्राही आणि डोक्यात जाणारी असते. हे काम खिडक्या उघड्या ठेवून, देवघरातील समई आणि स्वयंपाकघरातील गॅस यांपासून दूर करावे. पावसाळ्यात हे काम टाळलेले बरे. द्रावक उडताना डिंकाचा पृष्ठभाग थंड होतो, दमट हवेतील बाष्प त्यावर धरते आणि जोड कच्चा राहतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने आपल्याकडे या कामासाठी उत्तम आहेत.

सीट काढणे आणि कव्हर उसवणे

सीटच्या रुळांचे बोल्ट जुन्या गाडीत गंजून धरलेले असतात. आदल्या रात्री त्यांवर गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे आणि सकाळी योग्य मापाच्या पान्याने, झटका न देता सैल करावेत. सलग सीट जड नसली तरी अडचणीची असते. ती दोघांनी मिळून दारातून बाहेर काढावी, म्हणजे दाराचे पॅनेल खरचटत नाही. सीट निघाली की तळाचा पत्रा पाहून घ्यावा. समुद्राजवळच्या गावांत चटईखाली गंजाने भोके पडलेली असतात, आणि हे काम उरकायला याहून चांगली वेळ पुन्हा येणार नाही.

आता कव्हर. येथे बहुतेक नवखे लोक पहिली चूक करतात: जुने कव्हर टाकाऊ समजून ते कात्रीने फाडतात. जुने कव्हर हाच आपला नमुना आहे. ते फाटके असेल, विटले असेल, पण त्याचा प्रत्येक तुकडा आपल्याला नव्या तुकड्याचा आकार सांगणार आहे. म्हणून काढण्याआधी सीटचे सर्व बाजूंनी भरपूर फोटो काढावेत, विशेषतः कोपऱ्यांचे आणि खालच्या बाजूचे. जुन्या गाड्यांत कव्हर फ्रेमला रिंगांनी, तारेने किंवा पत्र्याच्या वळवलेल्या दातांनी अडकवलेले असते, आणि मधल्या काळात कोणी सीट शिवली असेल तर सुतळीनेही बांधलेले आढळते. रिंगा कापताना त्यांचे तुकडे उडतात, म्हणून चष्मा आणि हातमोजे घालावेत; आतील काथ्या आणि फोम भुगा झालेले असतात, म्हणून तोंडाला फडके किंवा मास्क बांधावा. कव्हराच्या आतल्या बाजूला शिवलेल्या बाहीत तारा घातलेल्या असतात. याच तारा खाली ओढून बांधल्यामुळे सीटला तिची खाच मिळते. त्या जपून काढून, कोणती कोठली हे लिहून, बांधून ठेवाव्यात.

कव्हर निघाले की लगेच उसवायला बसू नये. प्रत्येक तुकड्यावर जाड पेनने क्रमांक, डावा की उजवा, आणि गाडीच्या पुढच्या दिशेचा बाण काढावा. मग प्रत्येक शिवणीवर, साधारण दर आठ सेंटिमीटरला, दोन्ही तुकड्यांवरून जाणारी एक आडवी रेघ मारावी. वळणावर आणि कोपऱ्यात या रेघा आणखी जवळ असाव्यात. तुकडे सुटे झाल्यावर कोणता बिंदू कोणत्या बिंदूला भेटायचा हे या रेघांवाचून कळत नाही. या एका तासाच्या कामावर पुढचे सगळे अवलंबून आहे. रेघा मारून झाल्या की टाके एकेक कापत कव्हर उसवावे, ओढून सोडवू नये.

सांगाडा, स्प्रिंगा आणि फोम

नवे चामडे जुन्या खचलेल्या सीटवर चढवणे म्हणजे ओल आलेल्या भिंतीवर रंग देण्यासारखे आहे. लोखंडी सांगाडा तारेच्या ब्रशने घासून त्याला रेड ऑक्साइडचा हात द्यावा आणि तो पूर्ण वाळल्यावर वर काळा रंग द्यावा. तुटलेली स्प्रिंग तारेने बांधून वेळ मारून नेऊ नये. तिचे टोक वर येऊन काही महिन्यांत चामड्याला आतून भोक पाडते. स्प्रिंगांवर नवे जाड गोणपाट ताणून बांधावे, म्हणजे फोम स्प्रिंगांच्या मधल्या जागेत उतरत नाही.

मूळचा काथ्या धड असेल तर ठेवावा, त्याने सीटला हवा लागते. वरचा फोम मात्र नवा घ्यावा. आपल्याकडे फोम ‘डेन्सिटी’वर विकला जातो आणि तो आकडा एका घनमीटरचे किलोग्रॅममधील वजन सांगतो, बसण्याच्या भागाला ४० डेन्सिटीचा आणि पाठीला ३२ डेन्सिटीचा पुरेसा होतो. जाडी मूळ फोमएवढीच ठेवावी. अधिक जाड फोम घातला की सीट भरदार दिसेल या समजुतीने अनेक जण अर्धा इंच वाढवतात, आणि मग कव्हर बसत नाही व चालकाची मान छताकडे जाते. पुढची धार गोल राहावी म्हणून फोमची कड करवतीच्या पात्याने तिरकी छाटून गुळगुळीत करावी. फोमवरचा उंचवटा पातळ चामड्यातून स्पष्ट दिसतो.

नमुना आणि चाचणीचे कव्हर

उसवलेले तुकडे सपाट पसरून, हलक्या हाताने सुरकुत्या काढून, त्यांचा आकार जाड कागदावर उतरवावा आणि सर्व रेघा, बाण व क्रमांकही त्यावर घ्यावेत. इस्त्री करू नये. रेक्झिन आकसते आणि माप बिघडते. एक गोष्ट लक्षात ठेवावी: चालकाच्या बाजूचा भाग वर्षानुवर्षांच्या वजनाने ताणलेला असतो. दोन्ही बाजू एकमेकींचे प्रतिबिंब असतील, तर जिच्यावर कमी बसले गेले आहे त्या बाजूचा नमुना घ्यावा आणि कागद उलटा करून दुसरी बाजू काढावी. माझ्या सीटवर या दोन बाजूंत जवळजवळ दोन सेंटिमीटरांचा फरक निघाला होता. मी चालकाची बाजू नमुना म्हणून घेतली असती, तर नव्या कव्हरला पहिल्या दिवसापासून झोळ आला असता.

शिवणीसाठी सोडलेली जागा सर्वत्र सारखी, १० मिलिमीटर करून घ्यावी. मूळ कव्हरात ती कोठे आठ, कोठे चौदा अशी असते, आणि असमान जागेने खुणा जुळत नाहीत.

यानंतर स्वस्तातल्या रेक्झिनचे एक पूर्ण कव्हर कच्च्या टाक्यांनी शिवून सीटवर चढवावे. पुष्कळांना हा वेळेचा आणि पैशाचा अपव्यय वाटतो, पण मला तो या कामातील सर्वांत शहाणा खर्च वाटतो. कोठे सैल आहे, कोठे तंग आहे, कोठे खाच एका बोटाने सरकली आहे, हे सगळे या कव्हरावर पेनने लिहून घ्यावे आणि कागदी नमुना त्याप्रमाणे दुरुस्त करावा. जेथे चिमटीत एक सेंटिमीटर सैल कापड येते तेथे नमुना तेवढा कमी करावा. चामडे किंचित ताणून बसले पाहिजे, पण शिवणीची भोके उघडी पडतील इतके नाही.

कापणी

चामड्याला कापडासारखा उभा-आडवा धागा नसतो, पण दिशा असते. कण्याच्या रेषेजवळचा भाग घट्ट आणि एकसारखा असतो. पोटाकडचा आणि पायांजवळचा भाग सैल, सुरकुतलेला आणि सहज ताणणारा असतो. कातडे कण्याच्या दिशेने कमी आणि आडवे अधिक ताणते. म्हणून बसण्याचे आणि पाठीचे मोठे तुकडे कण्याच्या दोन्ही अंगांना, एकाच दिशेने लावावेत, बाजूच्या पट्ट्या त्यांच्या पलीकडे, आणि पोटाकडचा भाग केवळ सीटखाली दडणाऱ्या पट्ट्यांसाठी ठेवावा. एक तुकडा उभा आणि दुसरा आडवा कापला, तर वर्षभराने एक बाजू खचते आणि दुसरी तशीच राहते.

चामड्याच्या चांगल्या बाजूकडून डाग आधी खडूने गोल करून घ्यावेत, सगळे नमुने पसरून त्यांची जागा ठरवावी, आणि सर्व तुकडे बसल्याची खात्री झाल्यावरच पहिली कात्री चालवावी. नमुना मागच्या बाजूने आखताना तो उलटा ठेवावा लागतो हे विसरू नये. माझ्याकडून येथे एक मोठा तुकडा वाया गेला: कागद न उलटता दोनदा आखला, आणि हाती दोन डावे तुकडे आले. तेव्हापासून मी प्रत्येक कागदाच्या दोन्ही बाजूंवर ‘डावा’ आणि ‘उजवा’ असे ठळक लिहितो. जुळवणीच्या खुणांसाठी कडेला तीन मिलिमीटरपेक्षा खोल चीर देऊ नये.

शिवण

घरच्या पायाच्या काळ्या मशीनवर एक मिलिमीटर चामड्याचे दोन थर आणि पातळ फोम सावकाश शिवता येतात. पायपिंगच्या, म्हणजे कडेने फिरणाऱ्या दोरी भरलेल्या गोल पट्टीच्या, जोडात मात्र चार थर एकावर एक येतात आणि तेथे असे मशीन टाके गाळू लागते. ज्या मशीनचा पाय आणि सुई कापडाबरोबर पुढे सरकतात अशा जाड कामाच्या मशीनवरच हे जोड नीट होतात. असे मशीन नसेल तर सपाट शिवणी घरी घालाव्यात आणि पायपिंगचे जोड, खुणा जुळवून चिमट्यांनी धरलेले तुकडे घेऊन, ओळखीच्या सीट शिवणाऱ्या कारागिराकडे त्याच्या समोर बसून घालून घ्यावेत. तेही शक्य नसेल तर आरीने भोके पाडून दोन सुयांनी हाताने शिवावे. हे काम संथ आहे, पण मशीनच्या शिवणीहून कमी टिकाऊ नाही.

सुई चामड्यासाठी टोकाला धार असलेली, १८ नंबरची घ्यावी. टाका ४ ते ५ मिलिमीटरचा ठेवावा. बारीक टाका मजबूत असतो हा कापडाचा नियम येथे उलटतो: जवळजवळ पडलेली भोके टपाल तिकिटाच्या कडेसारखी होतात आणि चामडे त्याच रेषेत फाटते. याच कारणाने सुरुवातीला आणि शेवटी मागे-पुढे टाके घालू नयेत; दोऱ्याची दहा सेंटिमीटर शेपटी सोडून ती मागच्या बाजूला ओढावी आणि गाठ मारावी. मशीनचा पाय चामड्यावर अडखळत असेल तर त्याखाली टेफ्लॉनची पट्टी लावावी. दोऱ्याचा ताण आधी उरलेल्या तुकड्यांवर, जेवढे थर प्रत्यक्षात येणार तेवढेच घेऊन, ठरवून घ्यावा. आधी घरातल्या एखाद्या स्टुलाच्या गादीला असे कव्हर शिवून पाहिले तर हात बसतो आणि चूक झाली तरी महाग पडत नाही.

क्रम असा ठेवावा. प्रथम बसण्याच्या आणि पाठीच्या मधल्या तुकड्यांना मागून कापड लावलेला ६ ते ८ मिलिमीटर फोम केवळ कडेने चिकटवावा आणि त्यावर मूळ सीटप्रमाणे उभ्या पट्ट्यांच्या रेघा शिवाव्यात. या रेघा तुकडा कापण्याआधी, मोठ्या चौकोनावर शिवल्या तर उत्तम, कारण प्रत्येक रेघ थोडी रुंदी खाते. रेघा झाल्यावर नमुना ठेवून अंतिम कापणी करावी. त्यानंतर मधला भाग बाजूच्या तुकड्यांना जोडावा. जोड उघडून, शिवणीसाठी सोडलेल्या मागच्या पाकळ्या दोन्हीकडे वळवून, डिंकाने बसवून हातोडीने हलक्या ठोकाव्यात आणि मग वरून शिवणीच्या दोन्ही अंगांना चार मिलिमीटरवर दाबशिलाई घालावी. ती केवळ शोभेची नाही. जोडावरचा ताण तीन रेषांत विभागला जातो.

पायपिंगसाठी ३० मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्या कापाव्यात, त्यांचे जोड तिरके करावेत आणि जोडाच्या जागी रापीने कड सोलून निम्मी करावी, नाहीतर तेथे गाठ दिसते. दोरी आत ठेवून आधी पायपिंग स्वतंत्र शिवावे, मग ते वरच्या तुकड्याला आणि शेवटी बाजूच्या पट्टीला जोडावे. कोपऱ्यात मागच्या पाकळीला लहान चिरा द्याव्यात, टाक्यापासून तीन मिलिमीटर आधी थांबून. सगळ्यात शेवटी आतल्या बाजूला तारांच्या बाह्या शिवाव्यात. त्या मजबूत कापडाच्या असाव्यात. चामड्याच्या केल्या तर जाडी विनाकारण वाढते.

सीटवर चढवणे

कव्हर चढवण्याआधी अर्धा तास कोवळ्या उन्हात ठेवावे. ऊब लागल्यावर चामडे मऊ होते आणि हाताला ऐकते. फोमवर पातळ प्लास्टिकचा कागद पसरला तर कव्हर अडकत नाही. ते बसले की कागद ओढून काढावा, आत ठेवू नये, कारण त्याखाली ओल कोंडते. प्रथम मध्यरेषेवर खूण जुळवून खाचेतील तारा रिंगांनी बांधाव्यात, मग पुढची कड मध्यापासून बाहेरच्या बाजूंना, मग मागची, आणि शेवटी दोन्ही बाजू. एका टोकापासून सुरुवात केली तर सगळा झोळ दुसऱ्या टोकाला जमा होतो. सुरुवातीला प्रत्येक कडेला चार-पाच रिंगाच अडकवून सीट उभी करून लांबून पाहावी, शिवणी सरळ आहेत का हे तपासावे आणि मगच उरलेल्या रिंगा, दर पाच-सहा सेंटिमीटरला एक, दाबाव्यात.

लहान सुरकुत्या राहिल्या तर केस वाळवायच्या यंत्राची मध्यम ऊब लांबून देत तळहाताने त्या कडेकडे सारायच्या. जास्त उष्णता देऊ नये. चामडे जळण्याआधी आकसून कडक होते आणि ते पूर्ववत होत नाही. मोठी सुरकुती उष्णतेने जात नाही. तिचे कारण आत, फोममध्ये असते: त्या जागी कव्हर सोडवून फोमचा पातळ थर भरावा. नव्या चामड्याला आपली जागा धरायला दोन-तीन आठवडे लागतात, तेव्हा पहिल्या दिवशीच्या किरकोळ लाटांनी अस्वस्थ होऊ नये.

सीट गाडीत बसवताना रुळांना ग्रीस द्यावे, सगळे बोल्ट आधी हाताने फिरवून मग घट्ट करावेत, आणि गाडी रस्त्यावर नेण्यापूर्वी सीट पुढे-मागे जोराने हलवून ती प्रत्येक खाचेत अडकते आहे याची खात्री करून घ्यावी. सीटबेल्टचे पट्टे असतील तर त्यांची टोके चामड्याखाली दबलेली नाहीत हेही पाहावे.

निगा

आठवड्याला कोरडे मऊ फडके आणि महिन्यातून एकदा ओलसर फडके पुरते. तीन-चार महिन्यांनी चामड्यासाठीचे कंडिशनर पातळ लावून पुसून घ्यावे. खोबरेल तेल लावू नये: ते खवट होते, धूळ धरते आणि डाग पाडते. बुटाचे पॉलिशही नको, ते कपड्यांना लागते. गाडी उन्हात उभी करताना मागच्या काचेला पडदा लावावा.

पावसाळा हा चामड्याचा कसोटीचा काळ आहे. बंद गाडीत, विशेषतः कोकणात आणि गोव्यात, दोन आठवड्यांत पांढरी बुरशी धरते. सीटवर प्लास्टिकचे आवरण घालू नये, उघडीप मिळाली की दारे उघडून तासभर वारा खेळू द्यावा, आणि बुरशी दिसलीच तर ती गाडीबाहेर हवेत कोरड्या फडक्याने पुसून, मग अगदी थोड्या सौम्य साबणाच्या ओलसर फडक्याने पुसून सावलीत वाळवावी. पहिल्या पावसाळ्यानंतर सीटखाली हात घालून रिंगा गंजल्या आहेत का ते पाहावे आणि गंजलेल्या त्याच वेळी बदलाव्यात; उरलेले चामड्याचे तुकडे आणि कागदी नमुने गुंडाळी करून, कोरड्या जागी, गाडीच्या कागदपत्रांबरोबर जपून ठेवावेत.